चालती गाडी अचानक बंद पडते? पार्ट बदलण्याआधी वायरिंग तपासा

सकाळी मोटारसायकल एका किकमध्ये सुरू होते. गावापासून चार-पाच किलोमीटर व्यवस्थित चालते आणि एखादा खड्डा आला की चावी काढल्यासारखी गप्प होते. पाच मिनिटं थांबून पुन्हा किक मारली की चालू, जणू काही झालंच नाही. फिटरकडे नेली की तिथं तासभर चालू ठेवली तरी बंद पडत नाही. मग अंदाजाने काम सुरू होतं. आधी प्लग बदलला जातो, मग कार्बोरेटर साफ होतो, त्यानंतर कॉइल, मग सीडीआय. पैसे जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर उभी राहते.

अशा दुखण्यात बरेचदा पार्ट चांगले असतात. पार्टपर्यंत करंट नेणारी तार झिजलेली, चिमटलेली किंवा आतून तुटलेली असते. ती कधी जोडलेली असते, कधी नसते, म्हणून गाडी कधी चालते, कधी बंद पडते. डेअरीची वेळ चुकते इथपर्यंत ठीक, पण ट्रकला ओव्हरटेक करताना किंवा रात्री घाटात इंजिन बंद पडलं तर जिवावर बेततं. म्हणून "चालतेय ना, मग बघू नंतर" असं म्हणू नका. हा दोष शोधायची एक पद्धत आहे. ती क्रमाने वापरली तर बहुतेक वेळा दोष सापडतो.

तार बाहेरून चांगली, आतून तुटलेली

गाडीतली तार म्हणजे एक जाड तांब्याची काडी नसते. आत तांब्याचे अनेक बारीक धागे असतात आणि वर प्लास्टिकचं आवरण. तार एकाच जागी हजारो वेळा वाकली की आतले धागे एकेक करून तुटतात, पण वरचं आवरण रबरासारखं ताणत राहतं. बघणाऱ्याला तार अखंड दिसते. आत मात्र दोन-तीनच धागे उरलेले असतात. हादरा बसला की तेही एकमेकांपासून सुटतात, गाडी बंद. गाडी उभी राहिली की पुन्हा टेकतात, गाडी चालू.

दुसरा प्रकार घासण्याचा. तार फ्रेमच्या धारेवर किंवा टाकीच्या पत्र्याखाली घासत राहते, आवरण निघतं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकतं. तिसरा प्रकार गंजाचा. पावसाचं किंवा धुण्याचं पाणी कपलरमध्ये शिरतं, पिनांवर हिरवा कळंक चढतो आणि करंट पुरेसा जात नाही. चौथा प्रकार उंदरांचा. गोठ्यात, खळ्यावर किंवा धान्याच्या खोलीत उभी राहणारी गाडी उंदरांना आवडते, आणि त्यांना तारेचं आवरण कुरतडायला वेळ लागत नाही.

आधी ठरवा: पेट्रोल की करंट?

गाडी बंद पडली की लगेच किक मारत सुटू नका. दुखण्याचा पुरावा त्याच मिनिटात असतो. एवढ्या गोष्टी बघा:

१. इंजिन कसं बंद पडलं? चावी फिरवल्यासारखं एकदम गेलं तर संशय करंटवर. आधी धक्के खाल्ले, ओढ कमी झाली, मग हळूहळू बंद पडलं तर संशय पेट्रोलवर.

२. पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं. हा दोष वायरिंगचा नाही. छिद्र साफ केलं की काम झालं.

३. चावी चालूच ठेवून हॉर्न दाबा, इंडिकेटर लावा, न्यूट्रलचा दिवा बघा. सगळंच मेलं असेल तर दोष मुख्य लाइनमध्ये: बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, चावीचा स्विच किंवा त्याचा कपलर. हॉर्न-दिवे चालू पण इंजिन बंद, तर दोष इग्निशनच्या बाजूला किंवा पेट्रोलमध्ये.

४. कधी बंद पडली? खड्ड्यात, हॅण्डल वळवताना, पावसात की तापल्यावर? हादरा किंवा हॅण्डल असेल तर तार. पाऊस किंवा धुणं असेल तर प्लग कॅप आणि कपलर. अर्धा तास चालल्यावर बंद आणि थंड झाल्यावरच चालू, असं प्रत्येक वेळी होत असेल तर इग्निशन कॉइल किंवा पल्सर कॉइल तापून आतून तुटत असण्याची शक्यता जास्त.

हे सगळं मोबाइलवर लिहून ठेवा. तारीख, जागा, किती किलोमीटरनंतर, पाऊस होता का, दिवे चालू होते का. चार वेळची नोंद फिटरला दाखवली तर त्याचं निम्मं काम होतं.

तुमची गाडी कुठल्या प्रकारची?

इथं बरेच जण चुकतात. सगळ्या गाड्यांत करंटचा मार्ग एकसारखा नसतो.

जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांत ठिणगीसाठी लागणारा करंट बॅटरीतून येत नाही, इंजिनमधल्या मॅग्नेट कॉइलमधून थेट येतो. अशी गाडी बॅटरी मेलेली असली तरी किकवर चालते. तिला बंद कसं करतात? चावी किंवा लाल स्विच बंद केला की सीडीआयकडून आलेली एक तार बॉडीला टेकवली जाते आणि ठिणगी थांबते. म्हणजे या गाडीत ती 'बंद करायची तार' कुठेही घासून फ्रेमला टेकली की इंजिन गप्प होणार, आणि हॉर्न-दिवे मात्र चालूच राहणार. इथं तुटलेली तार शोधत बसलात तर सापडणार नाही. घासून पत्र्याला टेकणारी तार शोधायची.

दुसऱ्या प्रकारात इग्निशनला बॅटरीचा करंट लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतर आलेल्या बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनच्या आहेत. त्यांत ठिणगी, पेट्रोल पंप आणि इंजेक्टर हे सगळं ईसीयूच्या ताब्यात असतं. ईसीयूला क्षणभर करंट मिळाला नाही तरी इंजिन बंद पडतं. इथं तार तुटणं, पिन सैल होणं, बॅटरीचा नट ढिला असणं हे मुख्य दोषी.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक सोपी खूण आहे. चावी चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घुंई असा आवाज येतो, तो पेट्रोल पंपाचा. गाडी बंद पडल्यावर चावी बंद करून पुन्हा चालू करा. आवाज आला नाही तर पंपाची तार, रिले किंवा फ्यूज बघा. मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा चालताना लागत असेल तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ईसीयूने दोष नोंदवलेला असतो आणि सर्व्हिस सेंटरमध्ये तो वाचता येतो.

तारा जास्त कुठे झिजतात?

- हॅण्डलच्या मानेजवळ. प्रत्येक वळणाला इथं तारा वाकतात. चावीच्या स्विचची आणि लाल स्विचची तार इथूनच जाते. सगळ्यात आधी इथं बघा.
- टाकीच्या खाली. क्लिप तुटलेली असेल तर टाकीचं वजन तारेवर येतं.
- सीटखाली, बॅटरीजवळ. कॅन, पोती, दोघं-तिघं बसणं, या वजनाने तार चिमटते.
- इंजिन आणि सायलेन्सरजवळ. उष्णतेने आवरण कडक होऊन तडकतं.
- साइड स्टँडचा स्विच. नव्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं. स्विचमध्ये चिखल शिरला किंवा तार सैल झाली तर स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो.
- मागच्या मडगार्डखाली. टेल लॅम्पची तार चाकाला किंवा पत्र्याला घासून शॉर्ट झाली की फ्यूज जातो, आणि काही गाड्यांत त्याच फ्यूजवर इंजिनही असतं.
- बाहेरून लावलेले दिवे, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, चोरी-अलार्म. मूळ तार सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळलेले हे जोड पहिले संशयित. टेपचा डिंक उन्हात वितळतो, जोड उघडा पडतो.

हलवून बघण्याची तपासणी

ही तपासणी पैशाशिवाय होते. गाडी मोकळ्या हवेत डबल स्टँडवर लावा. बंद खोलीत किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करा.

आता हॅण्डल सावकाश डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. चावी स्विचमध्ये असतानाच हलक्या हाताने हलवा. लाल स्विच बोटाने हलवा, पूर्ण दाबू नका. मग वायरिंग एकेक वीत पकडून हलवा: मानेजवळ, टाकीखाली, सीटखाली. बॅटरीचे टर्मिनल, फ्यूजचा डबा, प्रत्येक कपलर हलवा. साइड स्टँडच्या स्विचवर हलकी टिचकी मारा. फिरत्या भागांपासून आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. प्लगची जाड तार चालू इंजिनवर हाताने धरू नका, मोठा झटका बसतो.

ज्या जागी इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तिथं रंगीत टेप लावा. पुन्हा सुरू करून तीच जागा हलवा. तीनपैकी तीन वेळा तिथंच बंद पडलं तर चोर सापडला. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, कारण दोन्ही हात गुंतलेले असताना नेमकं काय हलवलं ते नंतर आठवत नाही.

मॅग्नेटवर चालणाऱ्या जुन्या गाडीत आणखी एक तपासणी करता येते. सीडीआयजवळची 'बंद करायची तार' तात्पुरती काढायची. अनेक गाड्यांत ती काळी आणि तिच्यावर पांढरी रेघ असते, पण कंपनीनुसार रंग बदलतो, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा बघूनच हात घाला. तार काढल्यावर हलवलं तरी इंजिन बंद पडत नसेल, तर दोष त्या तारेत, चावीच्या स्विचमध्ये किंवा लाल स्विचमध्ये. एक लक्षात ठेवा: तार काढलेली असताना चावीने गाडी बंद होणार नाही. त्यामुळे ही तपासणी जाणकार फिटरसमोर आणि उभ्या गाडीवरच करा. तार तशीच सोडून रस्त्यावर गाडी नेऊ नका.

मल्टिमीटर असेल तर

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर लावा.

पहिलं माप बॅटरीचं. रात्रभर उभ्या गाडीची चांगली, भरलेली बॅटरी साधारण १२.५ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की आकडा साधारण १३.५ ते १४.५ दरम्यान यायला हवा. रेस देऊनही तो वर चढत नसेल तर चार्जिंग होत नाही, आणि इंजेक्शनची गाडी बॅटरी उतरली की रस्त्यात थांबणारच.

दुसरं माप तारेतल्या गळतीचं. हे बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या गाडीसाठी. चावी चालू ठेवा. मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लसला आणि काळी काडी कॉइलकडे किंवा ईसीयूकडे जाणाऱ्या करंटच्या तारेच्या शेवटी, कपलरच्या मागच्या बाजूने टेकवा. कपलर जोडलेलाच असू द्या. तार निरोगी असेल तर आकडा शून्याच्या जवळ येतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. तार हलवताना आकडा उड्या मारत असेल तर दोष तिथंच. तार पूर्ण सुटली तर मीटर जवळपास बॅटरीइतकाच आकडा दाखवेल.

तिसरं माप अर्थिंगचं. एक काडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला. सेल्फ मारताना आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहायला हवा. जास्त येत असेल तर अर्थची तार काढा, तिच्याखालचा गंज आणि रंग घासा आणि नट घट्ट करा.

मीटरच्या 'बीप'वर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नका. तारेत एकच धागा उरला असेल तरी बीप वाजते, पण तो एक धागा चालत्या गाडीचा भार पेलत नाही. म्हणून करंट चालू असताना घेतलेलं माप खरं. ईसीयूच्या तारांवर बल्बचा टेस्टर लावू नका. बल्ब जास्त करंट ओढतो आणि महागडा ईसीयू खराब होऊ शकतो.

दुरुस्ती टिकाऊ कशी?

चावी बंद करा, बॅटरीची मायनस तार काढा. कपलर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. संशयित जागेवरची टेप उघडा. एकेक तार दोन्ही बाजूंनी हलकी ओढा. जिथं आतून तांबं तुटलंय तिथं आवरण ताणून बारीक होतं, लगेच कळतं.

खराब तुकडा चमकदार तांबं दिसेपर्यंत कापून टाका. काळं किंवा हिरवं पडलेलं तांबं ठेवून जोड मारला तर दोष परत येतो. तेवढ्याच जाडीची गाडीच्या वायरिंगची तार घ्या, घरातल्या बल्बची तार नको. जोड डाग देऊन किंवा क्रिम्पिंगने करा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. स्लीव्ह डाग देण्याआधी तारेत ओवायची असते, हे विसरू नका. जोड हॅण्डलच्या नेमक्या वळणावर येऊ देऊ नका, कारण डाग दिलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारी तार पुन्हा तुटते. मानेजवळ तार थोडी सैल ठेवा, हॅण्डल दोन्ही टोकांना फिरवून ती ताणत नाही ना ते बघा.

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज टाका. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर तार शॉर्ट आहे असं तो सांगतोय. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः तारा कापू नका, विजेच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

ट्रॅक्टर आणि पिकअपचं काय?

डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, मग वायरिंगचा काय संबंध, असं अनेकांना वाटतं. पण बऱ्याच डिझेल गाड्यांत पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी चालू असेपर्यंत त्याला करंट मिळतो आणि डिझेलची वाट उघडी राहते. त्याची तार सुटली की डिझेल बंद, इंजिन बंद. इंजिन बंद असताना चावी चालू केली की पंपाजवळ 'टक्' असा आवाज येतो का ऐका. तार हलवताना टक्-टक् होत असेल तर दोष सापडला. कॉमन रेल गाड्यांत क्रँक सेन्सरची तार किंवा कपलर सैल झाला तरी इंजिन तसंच अचानक बंद पडतं.

ओढायची दांडी किंवा केबल लावून बंद होणारा जुना ट्रॅक्टर मात्र चालू झाल्यावर बॅटरीविनाही चालत राहतो. तो बंद पडत असेल तर वायरिंग शोधण्यात वेळ घालवू नका. डिझेल फिल्टर, पाइपातली हवा आणि टाकीतलं पाणी बघा.

रस्त्यात बंद पडली तर

मोटारसायकल बंद पडली की क्लच दाबा, गाडी वेगात असेपर्यंतच डाव्या बाजूला घ्या. ब्रेक लागतात, घाबरू नका. वळणावर किंवा पुलावर थांबू नका. रात्री दिवेही गेले असतील तर मोबाइलचा टॉर्च मागून येणाऱ्यांना दिसेल असा धरा.

पिकअप-जीपमध्ये धोका वेगळा. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांनंतर संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच दाबून दाब कायम ठेवा आणि गाडी कडेला आणा. गाडी चालत असताना चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

फिटरकडे जाताना

"गाडी बंद पडते, बघा" एवढंच सांगितलं तर अंदाजाने पार्ट बदलले जातील. त्याऐवजी सांगा: कधी बंद पडते, तेव्हा दिवे चालू होते की नाही, हॅण्डलने फरक पडतो का, बाहेरून काय काय जोडलंय. पार्ट बदलायचा असेल तर जुना पार्ट कशावरून खराब ठरवला ते विचारा, आणि काढलेला पार्ट परत मागा. शक्य असेल तर आधी दुसऱ्या गाडीचा चालू पार्ट लावून बघायला सांगा. दोष तसाच राहिला तर तुमचा पार्ट चांगला होता, खर्च वाचला.

दुरुस्तीनंतर एकदा पुन्हा तीच हलवून बघण्याची तपासणी करा. मग ज्या रस्त्यावर गाडी बंद पडायची त्याच रस्त्यावर दिवसा, एकट्याने, कमी वेगात फेरी मारा. आठ-दहा दिवस गाडी नीट चालली की मगच रात्रीच्या आणि घाटाच्या प्रवासाला, पोराबाळांना घेऊन निघा.